तक्रार दिली, पण आवक नंबर घेतला का? नागरिक समित्यांच्या नेहमीच्या चुका

साखर पेठेतली समिती असो, जुळे सोलापुरातल्या सोसायट्यांचा संघ असो की हद्दवाढ भागातलं एखादं नगर असो, अर्ज सगळीकडे एकाच साच्यातून काढल्यासारखा. ‘आमच्या भागात गेल्या अनेक दिवसांपासून पाण्याची गंभीर समस्या आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’ खाली सत्तर सह्या. झोन कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याने हा कागद घेऊन जायचं कुठे? कुठला बोळ, कुठलं घर, पाणी घाण की दाब कमी, काहीच पत्ता नाही. सत्तर सह्यांपेक्षा विजेच्या खांबाचा एक नंबर जास्त कामाचा.

तोच अर्ज असा लिहून बघा: ‘मंदिरामागच्या बोळात, कोपऱ्यावरच्या खांबापासून (खांबाचा नंबर) शेवटच्या घरापर्यंत ११ घरांना पाणी सुटल्यावर पहिली १० मिनिटं काळपट, वास येणारं पाणी येतं. ३, ८ आणि १३ तारखेच्या पाळीला आलं, त्याआधी नव्हतं. १ तारखेला बोळाच्या तोंडाशी गटारासाठी खोदाई झाली आहे.’ शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण आता खणायचं कुठे ते कळलं.

अर्ज दोन प्रतींत करा. एक प्रत आवक-जावक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या टेबलावर ठेवून आलेला अर्ज हा अर्ज नव्हे, नगरसेवकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो तर नव्हेच. प्रभाग चार सदस्यांचा असेल तर प्रत चौघांनाही द्या. एकालाच दिली की बाकीचे तिघे ‘ते काम त्यांचं’ म्हणून मोकळे होतात.

आणि एका अर्जात एकच विषय. पाणी, दिवे, कचरा, कुत्री असं सगळं एका कागदावर घातलं की तो कागद पहिल्या विषयाच्या खात्यात जातो आणि तिथेच मुक्कामाला राहतो.

गढूळ पाणी: आधी घरचा हौद बघा

सोलापूरला पाणी येतं ते उजनीच्या जलवाहिनीतून, टाकळीजवळ भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून. पण बोळातल्या घाण पाण्याचं मूळ एवढ्या लांब क्वचितच असतं. पाणी रोज नाही, काही दिवसांच्या पाळीने येतं. मधल्या काळात लाइन रिकामी पडते. जोड जिथे सुटलाय आणि शेजारून गटार वाहतंय, तिथे गटाराचं पाणी रिकाम्या पाइपात झिरपतं. पुढच्या पाळीला तेच सगळ्यात आधी नळातून बाहेर येतं.

म्हणून पाणी कधी घाण येतं ते मिनिटांत टिपा. फक्त पहिली ५–१० मिनिटं घाण आणि मग स्वच्छ, तर गळती जवळपासच आहे. पाळी संपेपर्यंत गढूळ आणि शेजारच्या दोन-तीन बोळांतही तसंच, तर दोष मोठ्या वाहिनीत किंवा टाकीत. एकाच घरात घाण, तर त्या घराचं कनेक्शन तपासा. जुना लोखंडी पाइप गटाराच्या तळातून गेलेला असतो, तो गंजून सच्छिद्र होतो. हा पाइप बदलायचा खर्च घरमालकाचा. इथे समितीने महापालिकेवर मोर्चा नेला तर हसं होतं.

नेहमीची चूक म्हणजे बाटली हौदातून भरून नेणं. हौद सहा महिने धुतलेला नसतो, तळाला बोटभर गाळ. अधिकारी एवढंच विचारतो, ‘नमुना नळाचा की हौदाचा?’ आणि प्रकरण तिथेच संपतं. पारदर्शक बाटल्या दोन घ्या. एक पाणी सुटल्या-सुटल्या थेट नळातून भरा, दुसरी १५ मिनिटांनी. दोन्हींवर घर, तारीख, वेळ चिकटवा आणि शेजारी ठेवून फोटो काढा. हा पुरावा डोळ्यांसाठी. जंतूंची तपासणी मात्र निर्जंतुक बाटलीतच होते, घरच्या बाटलीतला नमुना प्रयोगशाळा धरत नाही. म्हणून ‘आरोग्य खात्याने आमच्यासमोर नमुना घ्यावा’ अशी लेखी मागणी करा.

क्लोरिन आहे की नाही हे बोळातच कळतं. ओटी द्रावणाचे (क्लोरिन तपासायचं ऑर्थोटोलिडीन) थेंब नळाच्या पाण्यात टाकले की पिवळी छटा यायला हवी. नळाशी शिल्लक क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं, हे भारतीय मानक. टाकीजवळच्या घरात पिवळं आणि शेवटच्या टोकाला पांढरंच राहिलं, तर मधे कुठेतरी घाण शिरून क्लोरिन खातेय. हे वाक्य अर्जात जसंच्या तसं घाला. दुरुस्ती होईपर्यंत पहिली १० मिनिटं पाणी हौदात घेऊ नका, वापरायला बाजूला काढा, आणि प्यायचं उकळा.

आता अवघड जागेचं दुखणं. नळाला थेट मोटर. समितीच्या अध्यक्षाच्याच घरी मोटर असेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही. मोटर ओढते तेव्हा लाइनीतला दाब उतरतो आणि ढिल्या जोडातून गटार आत ओढलं जातं. म्हणजे मोटरवाला स्वतःच्याच हौदात घाण ओढून घेतो, आणि टोकाच्या घराला धार नाही म्हणून तिथला माणूसही मोटर आणतो. भांडणाऐवजी मोजमाप करा. एकाच पाळीला पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घरी २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहा. पहिल्या घरी दीड मिनिट आणि शेवटी सात मिनिटं असा तक्ता चार पाळ्यांचा झाला की दोन गोष्टी उघड होतात: मोटर कुठे लागतात, आणि चावीवाला (भागाचा व्हॉल्व्ह उघडणारा महापालिकेचा माणूस) चावी पूर्ण उघडतो का. चावीवाल्यावर सरसकट आरोप करू नका. पाकणी किंवा सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात वीज गेली की सगळंच वेळापत्रक पुढे सरकतं, ते त्याच्या हातात नसतं.

चेंबर तुंबलं की माणूस उतरवणं

ही चूक जिवावर बेतते. पाचशे-हजार रुपये देऊन कुणालातरी चेंबरमध्ये उतरवणारी समिती गुन्हा करते. २०१३ च्या कायद्याने गटारात असं माणूस उतरवायला बंदी आहे, आणि सांगणारा माणूसही आरोपी होऊ शकतो. चेंबरातल्या वायूला आधी सडक्या अंड्याचा वास येतो. वायू वाढला की नाकाला तो वास कळेनासाच होतो. ‘आता वास नाही, उतर’ म्हणणारा माणूस म्हणूनच सगळ्यात घातक.

काम जेटिंग मशीन (पाण्याच्या जोराने पाइप मोकळा करणारं) आणि सक्शन गाडीचं (गाळ ओढून घेणारी). गाडी मागवण्याआधी तुंबलं कुठे ते शोधून ठेवा, नाहीतर गाडी चुकीच्या चेंबरला पाइप घालून जाते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. पद्धत सोपी आहे. उताराच्या दिशेने एकेक झाकण पहारीने जरासं उचलून बघा. वाऱ्याकडे पाठ ठेवा, तोंड खाली नेऊ नका, काडी पेटवू नका. शेवटचं भरलेलं चेंबर आणि पहिलं रिकामं चेंबर यांच्या मधल्या पाइपात अडकलंय. त्या दोन चेंबरांवर खडूने फुल्या मारा. जेटिंग शक्यतो खालच्या, रिकाम्या चेंबरातून वरच्या दिशेने करायला सांगा. निघालेला गाळ त्याच दिवशी उचलून न्यायला लावा. काठावर ठेवलेला गाळ पहिल्या पावसात परत आत जातो.

काय निघतं तेही बघा. सॅनिटरी पॅड, शिळा भात, भांडी घासायची राख, यंत्रमागाच्या भागात सुताचे गुंते. सूत एकदा पाइपातल्या खडबडीत जोडाला अडकलं की त्यात बाकी सगळं गुंतत जातं. त्या बोळातल्या कारखान्यांच्या मोरीला जाळी बसवायला सांगणं हे समितीचं काम, महापालिकेचं नाही.

नालेसफाईची घाई सगळे मे महिन्यात करतात. करावीच. पण सोलापूरचा जोराचा पाऊस बहुतेकदा सप्टेंबरात येतो, परतीचा. मे मध्ये काढलेला नाला तोवर पुन्हा भरलेला असतो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरी फेरी मागा.

दिवे, रस्ते

एक दिवा बंद असेल तर दोष दिव्यात. ओळच्या ओळ बंद असेल तर कंट्रोल बॉक्स किंवा केबल. दिवसा चालू राहत असतील तर टायमर. तक्रारीत हे लिहिलं की माणूस योग्य सामान घेऊन येतो, नाहीतर नुसती शिडी घेऊन येतो. पावसात खांबाला मुंग्या आल्यासारखं लागत असेल तर अर्ज लिहीत बसू नका. पोरांना दूर करा, महावितरणला १९१२ वर फोन करा आणि महापालिकेच्या विद्युत विभागालाही कळवा, कारण खांब कुणाचा यावर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

रस्त्याबद्दल माहिती अधिकार टाकताना ‘रस्ता एवढ्यात का उखडला?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, कागद द्यायला आहे. कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि दोष दायित्व कालावधी मागा. तो कालावधी संपलेला नसेल तर खड्डे ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचे असतात. अर्ज एका विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. समितीच्या लेटरहेडवर नको, कारण हा हक्क नागरिकाचा आहे, म्हणून कुणा एकाच्या नावाने. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. नेमकी हीच तारीख समित्या विसरतात. कॅलेंडरवर लाल गोल करा.

लोकशाही दिनाचंही, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर ऐकतात त्या दिवसाचंही, असंच. महिन्याचा पहिला सोमवार ठाऊक असतो, पण अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यायचा असतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, हे ठाऊक नसतं. ‘समस्त रहिवासी’ म्हणून दिलेला अर्ज परत येतो. ज्याच्या दारात गटार वाहतंय त्याच्या नावाने द्या.

बैठक आणि पैसा

पाणी येण्याच्या दिवशी बैठक ठेवू नका. साधी गोष्ट आहे, तरी दर वेळी चुकते. बायका हौदाशी असतात, आणि पाण्याचं खरं दुखणं त्यांनाच माहीत असतं. मग बैठकीत चार पुरुष बसून पार्किंगवर दोन तास बोलतात. पूर्व भागात सूचना मराठीसोबत तेलुगूत लावा. जिथे कन्नड किंवा उर्दू बोलली जाते तिथे त्या भाषेतही. फळ्यावर दोन ओळी वाढतात, माणसं दुप्पट येतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आगेमागे, अधिकाऱ्यांना बोलावू नका. निम्मं खातं आणि सगळे पोलीस यात्रेत असतात.

विषय तीनच घ्या. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ लिहू नका. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार, एवढंच लिहा.

वर्गणी खजिनदाराच्या खासगी क्यूआर कोडवर घेणं ही नवी चूक. माणूस कितीही सरळ असो, दोन वर्षांनी त्याच्या खात्यात घरचा पगार आणि समितीचे पैसे वेगळे काढता येत नाहीत. बँकेत समितीचं खातं हवं, दोन सह्यांचं, आणि पावतीपुस्तक नंबर घातलेलं. त्यासाठी नोंदणी लागते. संस्था नोंदणी कायदा १८६० प्रमाणे किमान ७ सभासद लागतात आणि महाराष्ट्रात पुढे धर्मादाय कार्यालयाकडेही नोंद करावी लागते. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो राहून गेला की जुनाच अध्यक्ष कागदोपत्री कायम राहतो, आणि पुढे खऱ्या भांडणात तो कागद बाहेर निघतो.

समितीने पंच होऊन न्याय करायला बसू नये. गाडी कुठे लावायची इथवर ठीक. पण कुणी ऐकलं नाही म्हणून त्याच्या कार्याला जायचं नाही, त्याला पाणी द्यायचं नाही असा ठराव जातपंचायतीच्या वळणावर गेला की सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा लागू शकतो. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा ठराव इतिवृत्तात लिहून ठेवणारी समिती स्वतःच्या हाताने पुरावा तयार करते.

डॉल्बीची तक्रार मात्र दुसऱ्या दिवशी करून उपयोग नाही. रात्री १० नंतर आवाज चालू असतानाच ११२ वर फोन करा. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची. मोबाइलवरचं अ‍ॅप पुरावा होत नाही, मोजायला पोलिसांचंच यंत्र लागतं. फोन तीन वेगवेगळ्या घरांतून गेला तर गाडी लवकर येते, आणि मंडळाच्या पोरांना कुणी एकाचंच दार वाजवता येत नाही.