शेवंतीचे चर आधी उघडा, फवारणीचं नंतर बघू

उत्तरा नक्षत्र संपत आलं की शेवंतीवाल्याने पंप खाली ठेवून कुदळ घ्यावी. एप्रिल-मेमध्ये लावलेलं पीक आता कळीवर येतंय, दसरा-दिवाळीचा बाजार डोळ्यांसमोर आहे आणि नेमका याच वेळी हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस येतो. महाराष्ट्रातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघतो, आणि जाता जाता एका रात्रीत रानातल्या सरी भरून जातो. पुणे, नगर, साताऱ्याकडे शेवंतीचे जेवढे प्लॉट बसलेले पाहिले, त्यातले बहुतेक किडीने नाही, साचलेल्या पाण्याने बसले.

चूक दरवर्षी तीच. उन्हाळ्यात पाणी मुरावं म्हणून सरीची खालची तोंडं बांधलेली असतात, ती पावसाळाभर तशीच राहतात. ठिबकवाल्यांचं त्याहून अवघड: सपाट रानात लॅटरल (ठिबकची नळी) टाकली, झाडांच्या बुडाशी मातीची भर लावली नाही, चर तर नाहीच. शेवंतीची मुळं वरच्या वीतभर मातीत असतात. काळ्या रानात पाणी रात्रभर थांबलं की ती गुदमरतात, मग कूज शिरते.

खरा घोळ पुढे होतो. भर दुपारी झाडं माना टाकतात. गडी म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि मोटर चालू करतो. तसं करू नका. आधी एक झाड उपटा. मूळ पांढरं, ताठ असेल तर काळजी नाही. तपकिरी असेल आणि बोटांनी ओढल्यावर साल निसटून आत नुसता दोरा राहत असेल, तर ते झाड गेलं. ते रानाबाहेर टाका आणि शेजारच्यांचं बघा.

दोन दिवसांत करायचं ते असं: सरीची खालची तोंडं फोडा, उताराच्या बाजूला फूटभर खोल आडवा चर काढून तो बांधाबाहेर सोडा, वाफसा येताच, म्हणजे माती कामाजोगी सुकताच, झाडांना मातीची भर द्या. मल्चिंग पेपरवर डबकी साचत असतील तर तिथे भोकं पाडा. पाऊस थांबल्यावर तासाभराने रानात जा. जिथे पाणी चमकतंय तिथे चर पोचलेला नाही.

चर झाल्यावरच औषध. मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला 2.5 ग्रॅम. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी मित्रबुरशी) द्यायचा असेल तर त्याच्यासोबत नको, काही दिवस सोडून द्या. खालच्या पानांवर काळे-तपकिरी ठिपके दिसले तर मॅन्कोझेब, लिटरला 2.5 ग्रॅम. दुकानदार याच दिवसांत ‘पांढऱ्या मुळीचं’ महाग किट गळ्यात मारतो. साचलेल्या पाण्यात कुठलीही पांढरी मुळी फुटत नाही. तेवढ्या पैशात चर काढायला दोन माणसं मिळतात.

बाकीची कामं:
- खत: शिफारस हेक्टरी 300:200:200 किलो नत्र, स्फुरद, पालाश. उरलेलं निम्मं नत्र लागवडीनंतर महिना-दोन महिन्यांत दिलं असेलच. आता युरिया नको.
- शेंडा खुडणं: बंद.
- मावा: 5 टक्के निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे.
- पाणी: बोटभर माती उकरून बघून.
- उंच वाणांना काठी-सुतळीचा आधार.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. शेवंतीला कळी धरायला रात्र मोठी आणि काळोखी लागते. बांधावर ढाब्याचा किंवा फार्महाऊसचा हॅलोजन रात्रभर जळत असेल तर त्या कडेच्या ओळी मागे राहतात. औषधं मारण्याआधी मालकाला दिवा बंद करायला सांगून बघा.

हे सगळं जुन्या वाणांसाठी जास्त कळकळीने सांगतो. नर्सरीतलं रोप मेलं तर पुढच्या वर्षी पैसे टाकून आणता येतं. झिपरी, राजा, पिवळी रेवडी ही बरीचशी घरच्या काश्यांवर, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबांवर, चालत आलेली आहेत. प्लॉट बुडाला की बियाणंही बुडालं. झिपरी ओल थोडी जास्त सोसते असं मला वाटतं, पण त्या भरवशावर चर टाळू नका. आणि देव्हाऱ्याजवळच्या तांब्यात रेवडीच्या दोन दांड्या ठेवून बघा: खालची पानं काढलेली, पाणी रोज बदललेलं. घरच्या माणसांनाच कळेल हा वाण का टिकवायचा. दांड्या पहाटे कापा आणि लगेच पाण्याच्या बादलीत सोडा. सुट्टी फुलं मात्र सकाळी, दव उतरल्यावर. ओली फुलं करंडीत भरली की बाजार गाठेपर्यंत काळी पडतात.

आत्ताच रानातली जोमदार, ठिपके नसलेली वीस-पंचवीस झाडं हेरून सुतळी बांधून ठेवा. बहार संपला की ती छाटून परसातल्या उंचवट्यावर हलवा. पुढच्या उन्हाळ्यातल्या काश्या त्यांच्याच घ्या, मर लागलेल्या सरीतल्या नकोत, कितीही फुटलेल्या दिसल्या तरी.