पावसाळ्यात घरच्या कुत्र्याला आंघोळ घालताना या चुका टाळा

आंघोळ घालून दोन दिवस होत नाहीत तोच कुत्र्याच्या अंगाला पुन्हा कुबट वास येऊ लागतो, ही तक्रार जूनपासून सप्टेंबरपर्यंत हमखास ऐकू येते. यावर बहुतेक जण पुन्हा आंघोळ घालतात आणि त्रास वाढवून घेतात. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन अशा आपल्याकडे हौसेने पाळल्या जाणाऱ्या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर राठ केस आणि त्यांच्याखाली दाट, मऊ लव. वरून हात फिरवला तर कुत्रा कोरडा वाटतो, पण ही लव मुळाशी तासन्‌तास ओली राहते आणि त्या ओलाव्यात जिवाणू व यीस्ट वाढून वास सुटतो.

त्यामुळे अर्धवट वाळवणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. टॉवेलने खसाखसा पुसल्यास केस एकमेकांत अडकतात, म्हणून टॉवेल दाबून पाणी टिपावे, पहिला भिजला की दुसरा घ्यावा आणि मग कुत्र्याला पंख्याखाली बसवून केस थोडे थोडे बाजूला सारत वाळवावेत. ड्रायर वापरायचा असल्यास त्याची उष्णता सर्वांत कमी ठेवावी आणि आपला दुसरा हात सतत कुत्र्याच्या त्वचेजवळ धरावा, म्हणजे हवा किती गरम लागते आहे हे आपल्यालाच कळत राहते. काखा, जांघा, शेपटीचे मूळ, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची जागा येथे केस दुभंगून त्वचेला बोट लावून पाहावे. तिथे ओल लागली तर काम अजून संपलेले नाही. गळपट्टा आंघोळीपूर्वीच काढावा आणि तोही पूर्ण वाळल्यावरच पुन्हा घालावा. पावसातून फिरून आल्यावर रोज आंघोळीची गरज नसते. पंजे व पोट साध्या पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या करणे पुरेसे असते.

दुसरी चूक आंघोळीच्या आधीच घडते. गुंता तसाच ठेवून पाणी ओतले की तो आवळतो, त्याची जट बनते, शाम्पू आत अडकून राहतो आणि काही दिवसांनी त्याखालची त्वचा लाल होते. म्हणून आधी विंचरावे, नंतर भिजवावे. जट टोकाकडून मुळाकडे, थोडी थोडी, बोटांनी त्वचा धरून सोडवावी, म्हणजे ओढ लागत नाही. कात्री मात्र लावू नये. जटेसोबत त्वचाही वर ओढली जाते आणि ती कापली गेल्याचे रक्त दिसेपर्यंत कळत नाही. न सुटणारी जट पशुवैद्याकडे किंवा अनुभवी ग्रूमरकडे मशीनने काढून घ्यावी.

आपला शाम्पू किंवा अंगाचा साबण कुत्र्याला लावू नये, आणि लहान मुलांचा सौम्य शाम्पूही त्याला अपवाद नाही. आपल्या त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता किती हे दाखवणारा आकडा) 5.5 च्या आसपास असतो, तर कुत्र्याचा 7 च्या जवळपास. शिवाय त्याची बाह्यत्वचा आपल्यापेक्षा बरीच पातळ असते. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव घालण्याची सवयही सोडावी. टी ट्री तेल तर कुत्र्यांना विषारी ठरू शकते. त्वचा निरोगी असेल तर तीन-चार आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरते.

कानांकडे मात्र पावसाळ्यात अधिक लक्ष द्यावे लागते. कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते आणि मग आत वळते. लोंबत्या कानांत हवाही फारशी खेळत नाही. आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही आणि कापसाची काडी घातल्यास मळ आणखी आत ढकलला जातो. डोक्यावर पाणी ओतण्याऐवजी ओल्या कापडाने तोंड पुसावे आणि कानाचा फक्त दिसणारा भाग कोरड्या कापसाने टिपावा.

गोचीड मारण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल लावण्याचा जुना उपाय आजही काही घरांत केला जातो. त्याने त्वचा भाजते आणि कुत्र्याने ते चाटले तर विषबाधा होते. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, एकसारख्या ओढीने काढावी, बोटांत चिरडू नये. त्वचेवर थेंब टाकण्याचे औषध वापरत असाल तर त्याच्या वेष्टनावर आंघोळीपूर्वी व आंघोळीनंतर जेवढे अंतर ठेवण्यास सांगितले आहे तेवढे पाळावे, अन्यथा औषध वाया जाते. घरात मांजर असल्यास परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध कुत्र्यालाही लावू नये, कारण ते मांजरांच्या जिवावर बेतू शकते.

नख कापताना आतली शीर दुखावली तर घाबरू नये. कॉर्नफ्लोअर लावून पाच मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, दाबून धरावे. काळ्या नखांत शीर दिसत नाही, म्हणून अगदी पातळ चकत्या कापाव्यात.

नीट वाळवूनही वास जात नसेल, कुत्रा सारखे डोके झटकत असेल, पंजे चाटून बेचक्या लाल झाल्या असतील किंवा कानातून तपकिरी स्राव येत असेल, तर शाम्पू बदलत बसू नये. त्वचेचा किंवा कानाचा संसर्ग आहे का, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. गोचिडी काढल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप, मलूलपणा किंवा फिकट हिरड्या दिसल्या, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी, कारण एहर्लिकिया व बबेसिया हे गोचीडतापाचे दोन्ही प्रकार वेळेवर उपचार झाल्यास आटोक्यात येऊ शकतात.