हिरड्याच्या चूर्णाची गुणवत्ता कशी तपासून घ्यावी

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात हिरडा कोणालाच नवा नाही, त्यामुळे त्याचे चूर्ण करू पाहणाऱ्या बचत गटाला ओळख पटवण्याची पायरी अनावश्यक वाटू शकते. माझ्या मते सर्वाधिक काळजी तिथेच घ्यावी, कारण मूळ माल चुकीचा असेल तर पुढील चाचण्यांचा खर्च वाया जातो.

प्रत्येक पोत्याच्या नोंदीत मराठी नावासोबत ‘अळलेकायी’ हे कन्नड नाव आणि ‘टर्मिनॅलिया चेब्युला’ हे शास्त्रीय नाव लिहावे. बेळगावच्या बाजारात व्यवहार दोन्ही भाषांत होत असल्याने ही सवय फार उपयोगी पडते. चूर्णासाठी पक्व फळाची, बी काढलेली साल लागते. बी घट्ट होण्यापूर्वीच गळलेला बाळहिरडा हे निराळे द्रव्य असून तो यात मिसळू नये. फळावरील उभे कंगोरे पाहून घ्यावेत आणि बुरशी धरलेली फळे व काडीकचरा वेचून काढावा. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार (औषधी द्रव्यांचे अधिकृत निकष देणाऱ्या ग्रंथानुसार) हिरड्यात बाह्य पदार्थ १ टक्क्यापेक्षा जास्त नसावेत.

पावसाळ्यात घाटालगतची हवा इतकी दमट असते की वाळवलेला मालही पुन्हा ओल धरतो, म्हणून दळण्याच्या आदल्या दिवशी तो पुन्हा वाळवावा.

प्रयोगशाळेत नमुना देताना वरची मूठभर पूड उचलून देऊ नये. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून व तळातून थोडे थोडे चूर्ण घेऊन ते एकत्र कालवावे, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि हवा तेवढा नमुना उरेपर्यंत हेच करत राहावे.

चाचण्यांमध्ये एकूण राख, म्हणजे चूर्ण पूर्ण जाळल्यावर उरणारा अंश, ५ टक्क्यांपर्यंतच असावी. आम्लात न विरघळणारी राख वाढली तर मालात माती किंवा वाळू मिसळली असण्याची शंका घ्यावी. पाण्यात विरघळणारा अर्क किमान ६० टक्के आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारा किमान ४० टक्के हवा. यासाठी ५ ग्रॅम चूर्ण १०० मिलिलिटर द्रवात २४ तास भिजवतात, गाळून त्यातील २५ मिलिलिटर आटवतात आणि उरलेला अंश वाळवून तोलतात. हा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो, कारण वजन वाढवण्यासाठी बियाही दळल्या गेल्या असतील तर तो खाली येतो.

जड धातूंची चाचणी टाळू नये. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) या मर्यादा आहेत. सूक्ष्मजीवांच्या चाचणीत ई. कोलाय व साल्मोनेला अजिबात आढळता कामा नयेत.

औषध म्हणून विक्री करायची असल्यास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो आणि वेष्टनावर बॅच क्रमांक छापावा लागतो. अहवाल त्या बॅचपुरताच लागू असतो. पुढच्या हंगामाच्या मालाला जुना अहवाल जोडू नये. प्रत्येक बॅचचा थोडा नमुना हवाबंद बाटलीत तारीख लिहून, तिची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावा, म्हणजे ग्राहकाची तक्रार आली तर तोच पुन्हा तपासायला देता येतो.