खणाचं झंपर आतून पण देखणं दिसायला ओव्हरलॉक कसं मारायचं

आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात ब्लाऊजला अजून झंपरच म्हणतात, आणि गौरी-गणपती जवळ आले की घरोघरी खण निघतो. गुळेदगुड्डचा खण वरनं कितीबी देखणा असू दे, कात्री लागली की दशा सुटायला लागतात आणि चार धुण्यांत शिलाईच्या जवळ येतात. म्हणून ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडेवर धागा गुंडाळणारी शिलाई, पाहिजेच, पण ते कधी आणि कुठं मारायचं ह्यात सगळं आहे.

आधी सुती अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर ते नंतर आटतं आणि वर खणाला सुरकुत्या पडतात. खण मात्र भिजवू नका, रंग जाऊ शकतो, उलट्या बाजूनं हलकी इस्त्री बास.

कापताना बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड, ठेवा. मी सुरुवातीला दोन्ही भाग एकत्र धरून ओव्हरलॉक मारायचे, मशीनचं ब्लेड जास्तीची माया कापून टाकतं आणि दिसायला एकदम साफ दिसतं, पण वर्षभरानं एका वैनींचं झंपर उसवायची वेळ आली तर आत सोडायला अर्धा इंच पण नव्हता, तो खण परत मिळणारा नव्हता, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून खण आणि अस्तर धावदोऱ्यानं एक करून प्रत्येक भागाची बाजू आणि खांदा सुटासुटा ओव्हरलॉक करते, ब्लेडनं फक्त दशा छाटल्या पाहिजेत, कापड नाही, आणि मग साध्या मशीनवर जोडते.

मशीन लावताना तीन धागे पुरतात. कापड दाबणारा फूट वर उचलून धागा ओवा म्हणजे टेन्शन, धाग्याचा ताण, सैल राहतं. आधी वरचा लूपर (कडेवर धाग्याचे वळसे घालणारा आकडा), मग खालचा, सुई सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की टाकाच बसत नाही नाहीतर धागा सारखा तुटतो. रीळ बदलायचं असेल तर सगळं परत ओवत बसू नका, जुना धागा रिळाजवळ कापा, नव्याला गाठ मारा आणि ओढून घ्या, सुईच्या नाकाजवळ आलं की गाठ कापून तेवढा धागा ओवायचा.

आता त्याच खणाच्या नि अस्तराच्या तुकड्यावर ट्रायल घ्या, दुसरं कापड चालत नाही. काठ डोळ्याजवळ धरून बघा, वरचा आणि खालचा धागा बरोबर कडेवर भेटले पाहिजेत. वरच्या लूपरचा धागा खालच्या बाजूला ओढला जात असेल तर वरचं टेन्शन थोडं वाढवा किंवा खालचं सैल करा, एका वेळी एकच, अर्ध्या नंबरानं. कड लाटेसारखी ताणली जात असेल तर डिफरेन्शियल फीड, म्हणजे कापड सरकवणाऱ्या पुढच्या-मागच्या दात्यांचा वेग ठरवणारं बटण, एकाच्या पुढं न्या, दीडपर्यंत.

चालवताना कापड मागनं ओढायचं नाही. बाक आला की पुढचं कापड हातानं सरळ करत ब्लेडसमोर द्यायचं. टाचण्या आधीच काढा, एक जरी ब्लेडखाली गेली तर ब्लेडला खाच पडते आणि मग प्रत्येक कड फाटकी निघते.

गळ्याला ओव्हरलॉक मारू नका, पायपिनच्या, म्हणजे गळ्याच्या कडेला लावायच्या पट्टीच्या, आत ते जाड होऊन उठतं. एक एक जोड झाला की लगेच इस्त्री, आधी शिलाई बंद असतानाच दाबा, मग माया दोन बाजूला उघडून दाबा. घरी मशीन नसेल तर भाग कापून, धावदोरा घालून मगच दुकानात न्या आणि माया कापू नका असं सांगा.

मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, तेवढा वेगळा. तिथं माया एक सेंटीमीटरच, कारण मुंढा कोणी सोडत नाही. बाही साध्या मशीनवर जोडून दोन्ही थर एकत्र ओव्हरलॉक करा, सुरुवात काखेतनं करा. शेवटी उरलेली ओव्हरलॉकच्या धाग्याची चार इंच शेपटी कापू नका, गोधडीच्या जाड सुईत ओवून त्याच टाक्यांच्या खालनं इंचभर आत घाला, मग उरलेलं कापा, आणि इस्त्री करताना माया बाहीकडं वळवा.