गुऱ्हाळावरचे जुने ऑइल इंजिन पुन्हा चालते करताना

कोल्हापूरच्या आसपास करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळ अशा कोणत्याही तालुक्यात फिरले, तरी बंद पडलेल्या एखाद्या गुऱ्हाळघराच्या कोपऱ्यात किंवा नदीकाठच्या मोडक्या इंजिनघरात दोन मोठ्या चाकांचे, एका सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन गंजत उभे असलेले दिसते. शेतात वीज पोहोचण्यापूर्वी उसाचा घाणा याच इंजिनांवर फिरत होता आणि पंचगंगेचे पाणीही याच इंजिनांनी वरच्या रानात चढवले. त्यांतील बरीच इंजिने लिस्टर पद्धतीची आहेत. इंग्लंडमधील डर्स्ली गावच्या लिस्टर कारखान्याने १९३०च्या सुमारास जे संथ गतीचे इंजिन काढले, त्याच घडणीवर आपल्याकडे पुढे अनेक ठिकाणी इंजिने ओतली गेली. साडेचार इंचांचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), साडेपाच इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), सहा अश्वशक्ती आणि मिनिटाला ६५० फेरे हे त्यातील सर्वांत परिचित माप होय. साताऱ्याची कूपर आणि १९४६ साली पुण्यात सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांची इंजिनेही या भागात भरपूर आली.

ही इंजिने आज भंगाराच्या भावाने जात आहेत आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांतील बहुतेक दुरुस्त होण्याजोगी असतात. ज्यांना आपल्या घरचे इंजिन राखायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्यावी. इंजिन चालते करायचे आहे, नवे करायचे नाही. जो मूळ भाग काम देतो तो बदलू नये, जो झिजला आहे तो आधी दुरुस्त होतो का हे पाहावे, आणि रंगाचा डबा इंजिन चालून स्थिर होईपर्यंत उघडू नये. वरून चकचकीत रंगवलेले आणि आतून जाम असलेले इंजिन हा केवळ शोभेचा ओतीव लोखंडाचा ठोकळा असतो.

पहिल्या दिवशी पान्याला हात लावण्याऐवजी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, पितळी पट्टीवरील क्रमांक लिहून घ्यावा आणि ती पट्टी पॉलिश पेपरने घासू नये, कारण उठावाची अक्षरे एकदा घासली गेली की इंजिनाची ओळखच जाते. त्यानंतर तळाचा बूच सैल करून क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या पेटीतून) काय बाहेर येते ते पाहावे. आधी पाणी आले, तर इंजिन कधीतरी पुरात बुडालेले आहे किंवा वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीचा पाण्याचा कप्पा) आतून फुटलेले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठची कितीतरी इंजिनघरे पाण्याखाली गेली, म्हणून आपल्या भागात ही शक्यता नेहमीच गृहीत धरावी. नुकतेच बुडालेले इंजिन चालू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही आणि हँडलच्या एका जोरात कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकू शकतो. अशा वेळी नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढावे, पाणी आणि गाळ निपटून घ्यावा, सिलिंडरमध्ये व क्रँककेसमध्ये डिझेल भरून ठेवावे आणि मगच पुढचा विचार करावा. पाणी ओसरल्यावरच्या पहिल्या आठवड्यात एवढे केले, तरी पुढची निम्मी मेहनत वाचते.

जाम झालेला पिस्टन सोडवणे हे या संपूर्ण कामातील सर्वांत संयमाचे काम आहे. येथे घाई करणारा माणूस घणाचा एक घाव घालतो आणि पिस्टनचा माथा फोडून बसतो. हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) काढल्यावर पिस्टनच्या वरच्या भागात लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यावर) गंजाचा जो थर दिसतो, तो आधी बारीक पॉलिश पेपरने पूर्ण साफ करावा. पिस्टन वर सरकताना त्याच्याभोवतीच्या रिंगा याच थरावर अडकतात आणि तुटतात. मग रॉकेल आणि पातळ तेल समप्रमाणात मिसळून पिस्टनवर ओतावे, रोज पातळी पाहावी आणि कमी झाल्यास भर घालावी. मिश्रण खाली झिरपू लागले, म्हणजे रिंगांच्या कडेने वाट झाली. त्यानंतर चाकाच्या आऱ्यांना दोन्ही हातांनी धरून ते पुढे-मागे हलवावे. चाक केसभर हलले तरी पिस्टन सुटू लागला असे समजावे. पुढे-मागे, पुढे-मागे, दररोज थोडे. चाकाच्या आऱ्यात पहार घालून जोर लावू नये, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, थेट तुटते. पंधरा दिवसांनीही पिस्टन हलला नाही, तर कनेक्टिंग रॉड खालून सोडवून लायनर आणि पिस्टन एकत्रच वर काढावेत आणि लेथवाल्याकडे प्रेसवर वेगळे करून घ्यावेत.

पिस्टन बाहेर आल्यावर मापे घेण्यात कंजुषी करू नये. लायनरची झीज सर्वांत जास्त वर, जेथे पहिली रिंग वळते तेथे असते, आणि नख फिरवले तरी तेथील पायरी लागते. रिंग लायनरमध्ये ठेवून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. बोअरच्या प्रत्येक इंचामागे तीन ते चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी आहे. म्हणजे साडेचार इंचांच्या बोअरला साधारण १४ ते १८ थाऊ फट हवी. नवी रिंग टाकूनही फट याच्या दुप्पट-तिप्पट निघत असेल, तर दोष रिंगांचा नसून लायनरचा आहे, आणि तेथे नव्या रिंगांवर पैसे घालणे व्यर्थ आहे.

व्हॉल्व्ह घासताना ग्राइंडिंग पेस्ट थोडीच लावावी आणि सीटवर सगळीकडे सारखी राखाडी पट्टी दिसेपर्यंतच घासावे. नंतर व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतावे. पाच मिनिटांत थेंब झिरपला नाही, तर काम झाले. पेस्टचा एकही कण मागे राहू नये, कारण तोच कण पुढे सिलिंडरमध्ये उतरून लायनर खातो.

चाकांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि माझ्या मते धोका सर्वाधिक तेथेच आहे. प्रत्येक चाक कित्येक मण वजनाचे असते आणि ते केवळ एका निमुळत्या चावीच्या आधाराने क्रँकवर घट्ट असते. चावी किंचित सैल झाली, तरी इंजिन चालताना जो ठक-ठक आवाज येतो, तो ऐकून अनेक जण बिगेंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाचे) गेले असे समजतात. चाकाला तडा आहे की नाही हे पाहण्यासाठी आरे आणि मधला तुंबा स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावावे, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढावे आणि वरून पांढऱ्या खडूचा पातळ थर घासावा. तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल खडूवर परत येते आणि करड्या रेषेसारखे उमटते. अशी रेषा चावीच्या खाचेतून निघालेली दिसली, तर ते चाक फिरवू नये, मग ते कितीही जुने आणि मूळचे असो. हीच चाचणी हेडवर दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागीही करून पाहावी.

फुटलेला भाग दुरुस्त करण्यासाठी कोल्हापूरसारखे ठिकाण नाही. शिवाजी उद्यमनगर आणि त्याच्या आसपासच्या वसाहतींत ओतकाम, पॅटर्न (साच्यासाठीचा लाकडी नमुना) आणि लेथ यांचे जाणकार आजही आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या आधीच्या पिढ्यांचे हात या इंजिनांच्या सुट्या भागांवरच बसलेले आहेत. ओतीव लोखंडावर साधा वेल्डिंग रॉड चालवू देऊ नये. भाग सावकाश तापवून, निकेलचा रॉड वापरून आणि नंतर राखेत किंवा चुन्यात सावकाश थंड करून केलेले वेल्डिंग टिकते, ब्रेझिंगही चालते. भाग नवा ओतून घेण्याची वेळ आली, तर जुन्याच भागाचा साचा करू नये. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसते, शिवाय यंत्रकामात घासले जाणारे मापही वेगळे धरावे लागते. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करून घ्यावा लागतो. पॅटर्नवाल्याला नमुना देताना नेमकी कोणती बाजू मशीन होणार आहे, हे खडूने लिहूनच द्यावे.

क्रँककेस आतून धुताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी. काही इंजिनांत ओतकामाची वाळू कोपऱ्यांत तशीच चिकटून राहिलेली असते आणि वर्षानुवर्षांच्या तेलाने ती झाकली जाते. या इंजिनांत बहुधा तेलाचा फिल्टर नसतो. बिगेंडच्या टोपीवरील लहान पळी प्रत्येक फेऱ्यात तेलात बुडते आणि तेच तेल सगळीकडे उडवते. म्हणून वाळू, गाळ आणि काजळी बसायला जागा फक्त तळाशीच असते. तळ तारेच्या ब्रशने खरवडून रॉकेलने धुवावा आणि पळी कोणत्या दिशेला होती याची खूण काढण्यापूर्वीच करून ठेवावी, कारण उलट बसलेली पळी तेल नीट उचलत नाही. तेल एसएई ३० किंवा ४० चे साधे असावे. ज्या तेलात मळ तरंगत ठेवण्याची द्रव्ये जास्त असतात, ते फिल्टर असलेल्या इंजिनासाठी उत्तम आहे. येथे मात्र मळ तळाशी बसणेच हिताचे असते.

वॉटर जॅकेटमध्ये नदीचा गाळ आणि क्षार दोन्ही निघतात. गाळ तारेने टोकरून पाण्याच्या धारेने काढावा आणि क्षारांसाठी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून एक दिवस भरून ठेवावे. पूर्वी पंपाचेच थंड पाणी सिलिंडरभोवती फिरवून सोडून देत असत. ते सोयीचे होते, परंतु त्यामुळे इंजिन कधीच पुरेसे तापत नसे, डिझेल पूर्ण जळत नसे आणि लायनर लवकर झिजत असे. आता चालवताना २०० लिटरचे पिंप इंजिनापेक्षा थोडे उंच ठेवून खालच्या नळीने पाणी आत आणि वरच्या नळीने पिंपात परत अशी जोडणी करावी. वरच्या नळीचे तोंड पिंपातील पाण्याच्या पातळीखालीच असले पाहिजे, नाही तर पाणी फिरत नाही. गरम पाणी आपोआप वर चढते आणि पंपाची गरजच राहत नाही.

नोजल तपासताना ते डिझेलच्या नळीला बाहेर जोडून चाक फिरवले की फवारा दिसतो. फवारा धुक्यासारखा, सारखा पसरलेला आणि कुरकुर आवाज करणारा हवा. थेंब गळत असतील तर नोजल पंपवाल्याकडे द्यावे. फवाऱ्यासमोर हात मुळीच नेऊ नये, कारण एवढ्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि ती जखम थेट रुग्णालयातच न्यावी लागते.

हेड बसवण्यापूर्वी पिस्टन आणि हेड यांमधील फट शिशाच्या मऊ तारेने मोजावी. तारेचे तुकडे पिस्टनवर ठेवून हेड तात्पुरते कसावे, चाक एकदा हाताने फिरवावे आणि चपटी झालेली तार मोजावी. नट समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन-चार टप्प्यांत कसावेत. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची फट त्या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे थंड असतानाच लावावी.

पहिल्यांदा चालू करण्याच्या दिवशी दोन माणसे असावीत आणि इंजिन फाउंडेशनच्या बोल्टांनी पक्के बसलेले असावे. टाकीपासून नोजलपर्यंत नळीतील हवा एकेका जोडावर काढून घ्यावी. हवा घेण्याच्या तोंडाजवळ एक जाड फळी ठेवावी. इंजिन पळत सुटले आणि डिझेल बंद करूनही थांबेना, तर ती फळी तोंडावर दाबायची असते, हात नव्हे. डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधील दाब मोकळा करणारा) खटका उचलून हँडल मारावे आणि चाकाने वेग घेतला की खटका पाडावा. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवावा, कारण उलटा झटका बसल्यास विळखा घातलेला अंगठा मोडतो. हँडलचे टोक शाफ्टवर वंगण लावून सहज निसटते आहे, याची खात्री आधी करावी. पहिले दहा मिनिटे भार न देता चालवून बंद करावे, सगळे जोड हाताने पाहावेत आणि हेडचे नट पुन्हा कसावेत. पहिल्या काही तासांनंतर तेल गरम असतानाच काढून नवे घालावे.

निळसर धूर तेल जळत असल्याचे दाखवतो, पांढरा धूर इंजिन थंड असल्याचे किंवा डिझेल नीट फवारले जात नसल्याचे. काळा धूर भार वाढल्याचा किंवा हवा कमी पडल्याचा असतो.

पुढची निगा म्हणजे इंजिन चालवणे. महिन्यातून एकदा अर्धा तास पुरतो, परंतु भाराशिवाय चालवून उपयोग नाही, कारण रिकाम्या इंजिनात काजळी साचते आणि रिंगा चिकटतात. पट्टा चढवून कडबाकुट्टी किंवा एखादा लहान पंप त्यावर फिरवावा. ज्यांच्याकडे घाणा शाबूत आहे, त्यांनी हंगामात निदान एक आदण (गुळाची एक कढई) तरी याच इंजिनावर काढून पाहावे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या यंत्रांवर त्या गुळासाठी ऊस गाळला गेला, ती यंत्रेही त्या वारशाचा भाग मानली जावीत, असे मला वाटते.

पावसाळ्यापूर्वी टाकीच्या तळाचे पाणी काढून टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत दव धरत नाही. पिंप आणि जॅकेट रिकामे करावे, सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल घालून चाक फिरवावे आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील अशा जागी, म्हणजे दाबाच्या स्ट्रोकच्या माथ्यावर, पिस्टन थांबवावा. सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालून तारेने बांधावा. इंजिनघर पूररेषेत असेल, तर नोजल, पंप आणि वेग राखणाऱ्या गव्हर्नरचे सुटे भाग मेअखेरीसच काढून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून आणि प्रत्येकावर नाव लिहून घरी आणून ठेवावेत.