वेबहूकची सही काही ऑर्डरपुरतीच चुकत होती : माझा अनुभव

ऑनलाइन दुकानाच्या प्लॅटफॉर्मसाठी केलेल्या माझ्या अ‍ॅपमध्ये ऑर्डरचे बहुतेक वेबहूक (ऑर्डर येताच प्लॅटफॉर्मने माझ्या सर्व्हरला आपोआप पाठवलेले संदेश) व्यवस्थित येत असत, परंतु काहींची एचमॅक पडताळणी (गुप्त कळ वापरून काढलेल्या सहीची तपासणी) फसून ४०१, म्हणजे ‘अनधिकृत’, हा प्रतिसाद जात असे आणि त्या ऑर्डरची नोंद होत नसे. गुप्त कळ पुन्हा तपासली, तिच्या शेवटची रिकामी जागा काढली, सर्व्हरचे घड्याळही पाहिले. उपयोग झाला नाही. चार रात्री यात गेल्या आणि मी अगदी रडकुंडीला आलो.

फसलेल्या ऑर्डर शेजारी ठेवल्यावर एक साम्य दिसले : प्रत्येकीत एखाद्या वस्तूच्या नावात ‘&’ होते. मूळ मजकुरात ते ‘\u0026’ असे, त्याच चिन्हाच्या सांकेतिक रूपात, येत होते, तर माझा कोड जेसनचे (माहिती मजकूररूपात पाठवण्याच्या स्वरूपाचे) पार्सिंग करून, म्हणजे ते वाचून उलगडून, ते पुन्हा मजकुरात बदलत असल्याने तेथे साधे ‘&’ उरत होते. अर्थ तोच, पण बाइट वेगळे. आणि सही बाइटवरच होते.

एक्सप्रेसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडवरील वेब फ्रेमवर्कमध्ये) प्रथम वेबहूकचा मार्ग सर्वसाधारण जेसन पार्सरच्या आधी नोंदवला आणि त्याला बाइट जसेच्या तसे देणारा रॉ पार्सर लावला. नंतर त्या अस्पर्शित बफरवर (मूळ बाइटच्या साठ्यावर) गुप्त कळीने एचमॅक-एसएचए२५६ काढून निकाल बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) घेतला. वेबहूकच्या हेडरमध्ये प्लॅटफॉर्मने पाठवलेल्या सहीशी आधी लांबी जुळवली, कारण नोडचे टायमिंगसेफईक्वल हे तुलनेचे फंक्शन असमान लांबीवर त्रुटी फेकते, आणि मगच तुलना केली. जुळल्यावर जेसन वाचले, काम रांगेत टाकले आणि लगेच २०० (यशस्वी) हा प्रतिसाद पाठवला. ‘&’ असलेल्या ऑर्डर त्यानंतर बिनचूक नोंदल्या गेल्या.