पांढऱ्या थराला लिंबूसत्त्व, चिकट्याला सोडा, फरशीला बायोएन्झाइम

बोअरचं पाणी असलेल्या घरात नळावर, शॉवरवर, बादलीच्या कडांना पांढरा खरखरीत थर बसतो. तो मुख्यतः कॅल्शियमच्या क्षारांचा. साबणाने कितीही घासा, हलत नाही, म्हणून बाथरूममध्ये ॲसिड ओतलं जातं. त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते, नळाचं क्रोमही खराब होतं. हा थर काढायला आम्ल हवंच, पण इतकं जहाल नको.

किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. पाव लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा, त्यात जुनं फडकं भिजवून नळाला गुंडाळा आणि वीस मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासून धुवा. फडकं सुकू देऊ नका. आम्ल ओलं असेपर्यंतच काम करतं. थर जाड असेल तर पुन्हा गुंडाळा, ब्लेडने खरवडू नका. शॉवरच्या जाळीला हेच पाणी भरलेली पिशवी रबरबँडने तासभर बांधून ठेवा. कमोडसाठी ब्रशने आतलं पाणी खाली ढकला, रात्री चार चमचे लिंबूसत्त्व कडेने भुरभुरवा आणि सकाळी घासा.

शहाबादी फरशी, कडप्पा आणि संगमरवर हे कॅल्शियमचेच दगड आहेत. त्यांच्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही आंबट पडलं की चकाकी जाते आणि डाग कायमचा राहतो. ओटा कशाचा आहे हे माहीत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथे फिकट डाग दिसला, तर आंबट काही वापरू नका.

आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर वापरलेल्या जागी आम्ल कधीच नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो जीवघेणा ठरू शकतो.

गॅसमागच्या टाइल्सवर आणि एक्झॉस्टच्या पात्यांवर जमलेल्या चिकट्याला आम्लाचा उपयोग नाही. तिथे धुण्याचा सोडा लागतो, खायचा सोडा त्यामानाने फार सौम्य. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा घ्या, हातमोजे घालून लावा आणि दहा मिनिटांनी पुसा. ॲल्युमिनियमला लावू नका, काळं पडतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती जवळजवळ खारट पाणीच उरतं. दोन्ही वेगवेगळे वापरा.

मोझॅइक, शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर वगळता बाकी फरशीसाठी बायोएन्झाइम, म्हणजे गूळ आणि फळांच्या साली आंबवून केलेलं आंबट पाणी, चांगलं. प्रमाण 1:3:10, म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम मोसंबी-लिंबाच्या कच्च्या साली आणि 1 लिटर पाणी. लोणच्याच्या किंवा तेल लागलेल्या साली नकोत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग घ्या. बाटली प्लास्टिकची आणि दोन लिटरची हवी. आत वायू साचतो, घट्ट बंद काच फुटू शकते. पहिला महिना रोज झाकण सैल करा आणि वर आलेल्या साली खाली दाबा. तीन महिन्यांनी गाळा. वर पांढरी साय आली तर चालतं. काळी बुरशी दिसली तर ती काढून थोडा गूळ घाला. कुजका वास आला आणि गूळ घालूनही आठवड्यात गेला नाही, तर ते टाकून द्या. पुसण्याच्या एक लिटर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे पुरे. फरशी स्वच्छ होते, मात्र हे जंतुनाशक नव्हे. घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील तर ब्लीचच वापरा, अर्थात वेगळं.

भांड्यांना आणि लोकरी-रेशमी कपड्यांना रिठा. बिया काढलेली 50 ग्रॅम सालं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं मंद आचेवर उकळा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. फेस साबणापेक्षा कमी येतो, पण म्हणून जास्त ओतू नका. डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. बाहेर दोन दिवसांत आंबतो, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. एकदम जास्त केलात तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तशी एकेक वडी काढा. ट्रे मात्र वेगळा ठेवा.